ओमानचं सिम आणि घाटातला नंबर

मस्कतला जायचं ठरलं ते माझ्यामुळे नाही. खैरूनला लेकीकडे जायचं होतं आणि विमानात एकटीने बसायचं नव्हतं. तिचा नवरा, युनूसभाई, म्हणाले, "मी आलो तर गॅरेज कोण बघणार?" मग खैरून माझ्याकडे आली, ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "शालन गो, तुला तरी काय काम हाय?" मी पासपोर्टच्या मागे लागले.

मस्कतचे किल्ले, बाजार आणि समुद्र यांबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे, फोटोसुद्धा चांगले आहेत. मी मुख्यतः फोनबद्दल लिहिणार आहे. आमच्या भागातून पहिल्यांदा परदेशी निघालेल्या बाईला पहिली अडचण फोनची येते आणि ती कुणी लिहीत नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं महाडच्या वाचनालयातून. तिथलं प्रवासवर्णनांचं कपाट मी संपवलं आहे. त्या पुस्तकांत माणसं उंटावर बसतात, बर्फात हरवतात, पण सिमकार्ड कुणीच घेत नाही.

माझी अडचण इतरांपेक्षा थोडी वेगळी होती. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

आम्ही पोलादपूरचे. महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट आमच्याकडून चढतो. घाटात बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करणं, नाही झाल्या तर टोचन लावून दुसऱ्या गाडीने ओढत खाली आणणं, हा माझ्या यजमानांचा आणि युनूसभाईंचा भागीतला धंदा. यजमानांना सगळे दत्ता मिस्त्री म्हणायचे. घाटात सगळीकडे रेंज नसते. काही ठरावीक वळणांवर दरी उघडते, तिथेच फोन लागतो. बाकीचे मेकॅनिक दिसेल त्या कठड्यावर आपला नंबर लिहायचे. ह्यांनी मोबाइल हातात धरून सगळा घाट चालत पालथा घातला आणि जिथे रेंज आली तिथल्याच दगडांवर पिवळ्या रंगाने आपला नंबर रंगवला. म्हणायचे, "जिथून फोन लागत नाही तिथे नंबर लिहून माणसाला चिडवायचं कशाला?"

त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. घाटात रेंज हवी असेल तर पिवळा नंबर शोधायचा. गाडी ठणठणीत असली आणि फक्त घरी "भात लाव" म्हणून सांगायचं असलं, तरी माणूस पिवळ्या नंबरापाशी जाऊन उभा राहतो. एसटीचे ड्रायव्हरसुद्धा.

फोन उचलल्यावर हे 'हॅलो' म्हणत नसत. "बोला, कुठल्या वळणावर?" म्हणत. जेवताना, लग्नकार्यात, कुठेही. एकदा माझ्या आईने फोन केला तेव्हाही तेच. आई म्हणाली, "मी घरातूनच बोलतेय, जावईबापू."

त्यांना जाऊन तीन पावसाळे झाले. गॅरेजमध्येच छातीत दुखलं आणि महाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांचं सिम मी माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं. युनूसभाईंनी ते एकदा मागितलं. मी म्हटलं, माझ्याकडे असू दे. त्यांनी परत विचारलं नाही. तेव्हापासून घाटातला फोन मला येतो. समोरचा माणूस विचारतो, "मिस्त्री आहेत का?" मी म्हणते, "मिस्त्री आता नाहीत. वळण सांगा, माणूस पाठवते." मग तो माणूस मला धीर देतो. त्याची गाडी उकळलेली असते, मुलं रडत असतात, पण तो आधी विचारतो, कधी झालं, कसं झालं. हे झालं की मी युनूसभाईंना फोन करते आणि ते निघतात. हा रस्ता लांबचा आहे हे मला कळतं. पण "मिस्त्री आहेत का?" हे विचारणारा माणूस मला त्याच रस्त्याने भेटतो. नंबर वापरात ठेवला नाही तर कंपनी तो काढून दुसऱ्या कुणाला देते, म्हणून रिचार्ज मी चुकवत नाही. ह्यांनी कशेडी घाटातही असेच नंबर रंगवले होते, पण तिथे बोगदा झाल्यापासून त्या बाजूचे फोन बंदच झाले. आंबेनळीचे अजून येतात.

तर अडचण अशी होती. एक फोन, दोन खाचा, तीन सिम. माझं स्वतःचं, कारण बँकेचे ओटीपी त्यावर येतात. तिकडचं नवीन. आणि ह्यांचं.

महाडच्या मोबाइलच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "काकी, रोमिंग घेतलं तर मिस्त्रीकाकांचा नंबर तिकडेही वाजेल. पण बघा हां, घाटातला माणूस पोलादपूरला फोन करणार, तो जाणार मस्कतला, आणि तुम्ही मस्कतहून परत पोलादपूरला सांगणार." तसं बोलून दाखवल्यावर ते मलाही पटेना. "तिथलं प्रीपेड घ्या विमानतळावरच, आणि हे कुणाकडे तरी ठेवून जा," तो म्हणाला. कुणाकडे ते त्याने सांगितलं नाही. महाडपासून पोलादपूरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी गॅरेजवर गेले. सिम बाहेर काढलं. ते पूर्वीच्या मोठ्या आकाराचं, कात्रीने कापून लहान केलेलं आहे. एक कोपरा तिरका गेला आहे. युनूसभाईंनी हात पुसले, ते एका प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलं आणि आपल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं.

"फोन आला तर काय सांगाल?" मी विचारलं.

"सांगू काय तरी," ते म्हणाले.

"नाहीत म्हणून सांगायचं. लोक खोळंबतात नाहीतर."

"बरं वैनी."

मला आणखी काही सूचना द्यायच्या होत्या, पण त्यांना गाड्यांचं काम माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पोलादपूरहून मुंबईला एसटीने गेलो. महामार्गाचं काम चालू आहे. हे वाक्य मी फार वर्षांपासून म्हणते आहे आणि ते अजून जुनं झालेलं नाही. पेणला वडापाव खाल्ला. खैरूनने विमानतळापर्यंत खिडकी सोडली नाही आणि विमानात खिडकी मिळाली तर डोळे मिटून घेतले. पोलादपूर ते मुंबई जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्याहून कमी वेळात आम्ही मस्कतला उतरलो.

खैरूनच्या बॅगेत लेकीसाठी सोडे होते. सुकवलेली कोळंबी. तिने ती तीन पिशव्यांत गुंडाळली होती, वर साडी, तिच्यावर मसाल्याचा डबा. तरी तिकडच्या कस्टमच्या साहेबाने नेमकी तीच बॅग उघडायला लावली. त्याने वास घेतला, आमच्याकडे बघितलं, बॅग बंद केली आणि हाताने जा म्हणाला. खैरून बाहेर आल्यावर म्हणाली, "भला माणूस. त्याच्या घरी पन करीत असतील."

आता सिम. बाहेर पडायच्या जागेजवळच दोन-तीन कंपन्यांच्या खिडक्या असतात. रांगेत उभं राहायचं, पासपोर्ट द्यायचा, खिडकीवरच्या बायका त्याचा फोटो काढून घेतात. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका, हातात ठेवा. पर्यटकांसाठीचं ठरावीक मुदतीचं कार्ड असतं, त्यात इंटरनेट आणि थोडं बोलणं मिळतं. आपल्या हजार रुपयांच्या आतबाहेर पडलं. गावात दुकानात स्वस्त मिळतं असं म्हणतात, पण विमानतळावरून बाहेर पडून कुणाला तरी फोन करायचा असतो, त्यामुळे तिथलंच घ्यावं लागतं. हे त्या कंपन्यांनाही माहीत असावं.

खिडकीवरची मुलगी ओमानीच होती, पण हिंदी चांगलं बोलत होती. खैरून मला म्हणाली, "हिला सांग, दोघींचं मिळून घेतो, काय तरी कमी कर."

"आपण दोन घेत नाही आहोत. एकच घेतोय," मी म्हटलं.

"ते तिला कुठं ठाव हाय?"

मुलगी हसली. तिला 'कमी' हा शब्द कळला होता. "आंटी, फिक्स प्राइस," ती म्हणाली. खैरून म्हणाली, "विचारायला काय जातं?" आणि बाकावर जाऊन बसली.

मुलीने पिन घालून माझ्या फोनचा ट्रे बाहेर काढला. एका खाचेत माझं सिम होतं. दुसरी मोकळी.

"दूसरा खाली है?" तिने विचारलं.

"अभी खाली है," मी म्हटलं.

तिने तिथे ओमानचं सिम बसवलं, फोन चालू केला, काही बटणं दाबली आणि परत दिला. पडद्यावर वरच्या बाजूला नव्या कंपनीचं नाव आलं, त्याच जागी. मी ते थोडा वेळ बघत होते. मागचा माणूस खाकरला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्या सिमवरचं इंटरनेटचं रोमिंग आपल्या हाताने बंद करा, नाहीतर आपण घरी पोचायच्या आधी बिल पोचतं. आणि आम्ही गेलो तेव्हा तिथे व्हॉट्सॲपवर बोलता येत नव्हतं. मेसेज जायचे, फोटो जायचे, बोलणं नाही. घरी बोलायचं तर साधाच फोन लावावा लागतो, तो महाग पडतो, म्हणून माणूस कामाचं तेवढंच बोलतो. खैरूनला हे शेवटपर्यंत पटलं नाही.

सिमबरोबर एक घडीचा कागद मिळतो. तो लोक कचऱ्यात टाकतात. मी हाती आलेलं सगळं वाचते, म्हणून गाडीत बसल्यावर इंग्रजीत अडत अडत तोही वाचला. शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मुदत संपल्यावर हा नंबर पुन्हा दुसऱ्या ग्राहकाला देण्यात येईल. आपल्याकडेही तसंच आहे. तिथे आधी छापून देतात, एवढाच फरक.

खैरूनची लेक नाझनीन आणि जावई इरफान आम्हाला न्यायला आले होते. इरफान फरशांच्या दुकानात कामाला आहे. मूळचा दासगावचा. त्यांचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं, आत शिरताच थंडगार. नाझनीनने सोड्याची पिशवी नाकाला लावली आणि आईपेक्षा घट्ट मिठी त्या पिशवीलाच मारली.

संध्याकाळी खैरूनने माझ्या फोनवरून नवऱ्याला फोन लावला, त्यांच्या स्वतःच्या नंबरावर. कोंबड्यांना काय घातलं, दूधवाला आला का, सगळं विचारून झालं. मी शेजारी बसून होते.

"विचार, तो फोन वाजला का," मी म्हटलं.

"तो फोन वाजला का इचारते शालन." ऐकून माझ्याकडे वळून, "वाजला म्हनं. दोनदा."

"उचलून काय म्हणाले?"

"काय म्हननार? जाऊन गाडी आनली." मग फोन माझ्याकडे देत म्हणाली, "नवरा माझा, फोन तुझा, पैसा ओमानचा. तूच बोल गो." पण तोवर फोन बंद झाला होता.

दुसरा दिवस मुत्राह, म्हणजे मस्कतचा जुना भाग. समुद्राच्या काठाने लांबलचक रस्ता, एका बाजूला पांढरी घरं, मागे काळे करडे डोंगर, ज्यांच्यावर गवताची काडी नाही. जुना बाजार वर छप्पर घातलेला आहे, आत ऊद आणि लोबानाचा वास. मासळीबाजार सकाळी लवकर गाठा. सुरमई आपल्याकडच्यापेक्षा मोठी आणि कोळीण नाही, सगळे पुरुष. खैरूनने तिथेही कमी करायला सांगितलं आणि तिथे कमी झालं. चहा करक म्हणून मिळतो, घट्ट, वेलचीचा, स्वस्त. दुपारी बाहेर पडू नका.

इरफान गाडी चालवत होता तेव्हा मी रस्ता बघत होते. खड्डा शोधत होते. सापडला नाही. खैरूनच्याही ते लक्षात आलं. "काय रस्ते हायेत! हितं आपले मिस्त्री उपाशी मेले असते." नाझनीनने पुढच्या सीटवरून आईकडे डोळे मोठे करून बघितलं. खैरून म्हणाली, "काय गो? खरं तेच बोलले." खरंच होतं. ह्यांनी खड्ड्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

तिसऱ्या दिवशी इरफान म्हणाला, "मावशी, आज तुम्हाला गंमत दाखवतो," आणि आम्हाला नखलला घेऊन गेला. मस्कतहून दोन तासांच्या आतबाहेर. मोठा किल्ला आहे, खजुराची बाग आहे आणि बागेत गरम पाण्याचा झरा आहे. लोक पाय सोडून बसतात. आम्हीही बसलो.

"हे तर आपल्या सव गावात हाय," खैरून म्हणाली. "दासगावच्या अलीकडं. माझ्या जावयाच्या गावाजवळ."

"ते माहीत आहे, अम्मी," इरफान म्हणाला.

"मग विमान करून गरम पानी बघायला आनलंस?"

इरफानने बागेकडे बघून विषय बदलला. तिथून पुढे डोंगरात उंचावर वकान नावाचं गाव आहे. वरपर्यंत कच्चा रस्ता, साधी गाडी जात नाही. त्याने मित्राची मोठी गाडी आणली होती. चढ बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये वळणं. फक्त झाडं काढून घेतलेली. वर जर्दाळूच्या बागा आहेत, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, पाण्याचे बारीक पाट. एका घराच्या ओट्यावर म्हाताऱ्याने आम्हाला खजूर आणि कॉफी दिली, पैसे घेतले नाहीत. एवढं सगळं बघून उतरायला लागलो आणि उतारावर गाडी गरम झाली.

इरफानने गाडी बाजूला घेतली. बॉनेटमधून वाफ येत होती. पाण्याचा पाइप कुठेतरी चिरला होता. त्याने फोन काढला, रेंज नाही. नाझनीनचा, नाही. माझं नवीन सिम, नाही. खाली दरी अरुंद होती. मी वर बघितलं. आम्ही नुकतंच एक वळण सोडलं होतं, तिथून खालचं मैदान दिसत होतं.

"मी फोन करून येते," मी म्हटलं.

"मावशी, कुठे?" इरफानने विचारलं.

"त्या वळणावर."

तो आणखी काही म्हणत होता, पण मी निघाले. ऊन होतं. पदर डोक्यावर घेतला. चढ आमच्या घाटापेक्षा फार नव्हता. वळणावर पोचले तेव्हा फोनवर दोन दांड्या आल्या. मला बरं वाटलं. जागा बरोबर होती. मग मी नंबर बघायला दगडाकडे वळले.

दगड कोरा होता.

मी पुढचाही बघितला. पलीकडच्या बाजूचाही. मग माझ्या लक्षात आलं की मी इरफानला कुणाला फोन करायचा ते विचारलंच नव्हतं. मित्राचा, गॅरेजचा, कुणाचाच नंबर घेतला नव्हता. माझी समजूत अशी होती की रेंज जिथे असेल तिथे नंबर लिहिलेला असेलच. ही समजूत पोलादपूरबाहेर चालत नाही, हे कळायला मला ओमानला यावं लागलं.

आता खाली जाऊन, नंबर विचारून, परत चढायचं होतं. त्याआधी मी एक फोन लावला. विचार करून लावला असं म्हणता येणार नाही. घाटात गाडी बंद पडली की कुठला नंबर लावायचा, हे बोटांना माहीत होतं. आधी भारताचा आकडा लावला, मग तो.

तिकडे घंटी वाजली. उचलला गेला.

"बोला, कुठल्या वळणावर?"

आवाज युनूसभाईंचा होता. शब्द ह्यांचे.

"हॅलो? कोण हाय ते, घाबरू नका. पिवळ्या नंबरापाशी उभे हायत ना? मग फोन लागणार. वळण सांगा फकस्त."

"इथे नंबर लिहिलेला नाही," मी म्हटलं.

"असं कसं? मग नंबर बघितला कुठनं?"

"पाठ आहे."

तिकडे मागे कुणीतरी हातोडी मारत होतं, ती थांबली.

"वैनी?"

"हो."

"कुठं हाय तुम्ही?"

"ओमानच्या घाटात. गाडी गरम झाली. पाण्याचा पाइप चिरलाय."

"खैरून?"

"सावलीत बसली आहे. बरी आहे."

"रेडिएटरचं झाकण उघडू देऊ नका हां गरम असताना. वाफ तोंडावर येते."

"नाही देत."

"इंजिन गार होऊ द्या." मग ते म्हणाले, "वैनी, मला यायला टाइम लागंल."

ते चेष्टा करत नव्हते. फोन आला की शेवटी ते असंच म्हणतात, सवय आहे. मी म्हटलं, "सावकाश या," कारण त्याला हेच उत्तर असतं. मग बॅलन्स संपला आणि फोन आपोआप बंद झाला. त्या प्रीपेडमध्ये परदेशी बोलणं थोडंच असतं, हे त्या घडीच्या कागदावर लिहिलेलं होतं.

मी तिथेच दगडावर बसले. ऊन फार होतं, पण बसले. रडले वगैरे नाही. इतकंच, की बराच काळ मी तो नंबर बाहेरून लावला नव्हता. तो माझ्याच पर्समध्ये असायचा. आपलाच फोन आपल्याला कसा लावणार?

खाली आले तोवर काम झालेलं होतं. मागून एक पिकअप आला होता, मागे बकऱ्या. त्या माणसाने स्वतःहून गाडी थांबवली होती, पाइपला रबर गुंडाळून तारेने आवळलं होतं, गार झाल्यावर आपल्या कॅनमधलं पाणी ओतलं होतं. खैरून त्याला मराठीत दुवा देत होती आणि तो अरबीत उत्तर देत होता. दोघांचं व्यवस्थित चाललं होतं.

"लागला का फोन?" नाझनीनने विचारलं.

"लागला."

"कुणाला?"

"पोलादपूरला."

इरफानने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाले?"

"यायला वेळ लागेल म्हणाले."

खैरून फसकन हसली, मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने माझा हात धरला आणि मस्कत येईपर्यंत सोडला नाही. तिचा हात घामट होता.

बाकीचे दिवस चांगले गेले. मशीद बघितली, समुद्रात पाय बुडवले, मॉलमध्ये जाऊन काही न घेता परत आलो. निघताना ओमानचं सिम काढलं आणि चिकटपट्टीने पासपोर्टच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून लावलं. कुणाच्या कामाचं नाही, पण त्यात माझा परदेशातला एकमेव नंबर होता.

पोलादपूरला एसटीतून उतरलो आणि सामानासकट आधी गॅरेजवर गेलो. खैरूनने खजुराचा डबा काढला. युनूसभाईंनी तोंड भरून खाल्ले. मग ते आत गेले, बटणांचा फोन आणला आणि माझ्यापुढे धरला. स्वच्छ पुसलेला होता. गॅरेजमध्ये पुसलेली दुसरी वस्तू दिसत नव्हती.

"चार्ज करून ठेवलाय," ते म्हणाले.

मी हात पुढे केला आणि फोन वाजला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोन दोघांच्या मध्ये वाजत होता.

"तुम्हीच घ्या," मी म्हटलं.

त्यांनी उचलला. "बोला, कुठल्या वळणावर?" पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, ट्रकवाला असावा. त्याचं पहिलं वाक्य मलाही ऐकू आलं. मिस्त्री आहेत का?

युनूसभाई जरा पाठमोरे झाले.

"मिस्त्री दुसऱ्या गाडीवर गेलेत," ते म्हणाले. "मी येतो."

फोन ठेवून वळले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "वैनी, तुम्ही सांगितलं व्हतं तसं सांगायला गेलो. पहिल्याच दिवशी. जमलं नाय. गाडी बंद पडलेल्या माणसाला काय सांगायचं ते?"

ते पेटी उचलून टेम्पोकडे निघाले, मग फोन द्यायचा राहिला म्हणून परत आले.

"असू दे," मी म्हटलं. "घाटात लागेल तुम्हाला."

त्यांनी तो शर्टाच्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं.

लोक विचारतात, मस्कत कसं होतं. स्वच्छ आहे, उकडतं, माणसं चांगली आहेत, दोघी मिळून गेलात तर खर्च झेपतो. आता ओमानचे खजूर संपले. सिमची मुदतही संपली, तो नंबर आता तिकडे कुणाला तरी मिळाला असेल. घाटातला आहे तिथेच आहे. दिवाळीत युनूसभाई दगडांवर पुन्हा पिवळा रंग देणार आहेत. नंबर तोच ठेवायचा ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

माझ्या फोनची दुसरी खाच मोकळी आहे. फोन चालू केला की तो दर वेळी सांगतो, सिम दोन नाही. मी म्हणते, माहीत आहे, आणि भात लावते.